खाली नाव लुंबिनीचं

लुंबिनी सोनकांबळेला घाण खपायची नाही. घरातली नव्हे हं. घरात तिच्या टेबलावर तीन-तीन दिवसांचे चहाचे कप वाळत पडायचे, आणि तिची आई चांगुणाबाई ते उचलता उचलता कपाळाला हात लावायची. खपायची नाही ती दुसऱ्याच्या कोडमधली घाण. ती दिसली की बाईची तळपायाची आग मस्तकात गेलीच म्हणून समजा.

कामच तसलं होतं. नांदेडला तरोड्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, कूलरपुढं बसून ती जगभर चालणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टीमची राखण करायची. सगळीची नाही, तिच्या वाट्याला मेमरी चिप चालवणारे ड्रायव्हर होते. ही सिस्टीम कुणा एकाच्या बापाची नाही. कुणीही, कुठूनही बदल सुचवावा, तो मेलनं सगळ्या लिस्टला, म्हणजे या कामातल्या सगळ्यांना एकदम, जावा, आणि लुंबिनीसारख्या चार-पाच जणांनी तो ओळ न् ओळ वाचून त्याच्या चिंध्या कराव्यात, अशी तिथली रीत. वाचून पटलं तर बदलाच्या खाली एक ओळ चढते, की हे अमक्यानं वाचलंय. मग वरचा मुख्य माणूस, तो तिकडं परदेशात असतो, तो खालचं नाव बघतो आणि बदल आत घेतो. तो पुन्हा वाचत बसत नाही. त्याच्याकडं ढिगानं बदल येतात, तो कुठं कुठं वाचणार? नावावर चालतं सगळं.

आणि लुंबिनीचं नाव म्हणजे खणखणीत. दहा वर्षं झाली. ही बाई नाकानं कांदे सोलते, असं लिस्टवरचे दोघे-तिघे मराठी लोक आपसांत म्हणायचे, पण तिनं वाचलं म्हणजे वाचलं, हेही तेच म्हणायचे. उमरीहून नांदेडला शिकायला आलेल्या पोरीला याचा अभिमान होता, आणि का नसावा? तिच्या आज्याचं नाव कधी कुण्या कागदावर धड लिहिलं गेलं नव्हतं.

एप्रिलातल्या एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, मनिषावहिनीचा फोन आला. मनिषा म्हणजे लुंबिनीच्या थोरल्या भावाची बायको, मुदखेडकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. आवाज असा होता की आता ही कुणाला तरी झोडपणार.

"जयभीम वहिनी."

"जयभीम, जयभीम. लुंबे, तू ते चिपांचं काम करतीस ना? मग ऐक. आमच्या लसीच्या फ्रीजला एक डबं बसवलंय, आत किती थंड हाय ते लिहून ठेवायचं म्हणे. शनिवार-रविवार इकडं लाईट न्हवती, डीपी जळाली. दोन दिवस गं! आज येऊन बघते तर फ्रीज कोमट. पोलिओच्या बाटलीवरला चौकोन काळा पडला, म्हणजे लस गेली. आन् हे डबं काय म्हणतंय? शनिवारी चार डिग्री, रविवारी चार डिग्री. सगळं झकास!"

"डब्याला बॅटरी आहे ना? का लाईट गेल्यावर त्यानं लिहिणंच बंद केलं?"

"लिहिलंय की! शुक्रवारची रेघ तीच शनिवारची, तीच रविवारची. ठिपक्याला ठिपका. मी चौकोन बघितल्याबिगर बाटली उघडत न्हाई म्हणून बरं. डब्यावर इश्वास ठेवला असता, तर आज पंधरा लेकरांच्या तोंडात नुसतं पाणी घातलं असतं मी."

डब्यामागं कंपनीचं नाव काय आहे ते लुंबिनीनं विचारलं. वहिनीनं वाचून दाखवलं. लातूरच्या एमआयडीसीतली कंपनी. लुंबिनीनं फोन ठेवला तोच मुळी दात खाऊन, कारण ते नाव तिच्या ओळखीचं होतं. हिवाळ्यापासून या कंपनीचे बदल लिस्टवर येत होते. पाठवणारा कुणी अमरनाथ. चौदा बदलांचा एक गठ्ठा, त्याची आता पाचवी आवृत्ती झालेली. आधीच्या आवृत्त्यांना लुंबिनीनं चांगलं बदडून काढलं होतं.

तिनं पाचवी आवृत्ती उघडली आणि एकेक बदल वाचत गेली. नवव्यावर येऊन थांबली.

आता यात कळायला अवघड काही नाही. मेमरी चिप तापली, जुनी झाली, की तिच्यातले आकडे आपोआप उलटतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून ड्रायव्हरनं चिपमधलं पान, म्हणजे साठवलेल्या आकड्यांचा एक तुकडा, वाचताना ते पडताळून घ्यायचं, आणि जुळलं नाही तर वर सांगायचं, की बाबा, हे पान मला वाचता येत नाही. एवढंच त्याचं इमान. नवव्या बदलानं नेमकं तेच काढून टाकलं होतं. पान वाचता आलं नाही तर मागचं चांगलं पान पुढं करायचं, आणि वर सांगायचं, वाचलं. म्हणजे पेशंट मेला तरी कालचीच नाडी सांगत बसायचं. बदलाच्या डोक्यावर कारणही लिहिलं होतं: चूक दाखवणारा डब्यावरचा लाल दिवा वारंवार लागल्यामुळे ग्राहक घाबरतात.

"शी!" लुंबिनी मोठ्यानं म्हणाली. "शी, शी, शी!"

"काय झालं गं? पाल हाय का?" आतून चांगुणाबाईनं विचारलं.

"पाल परवडली, आई."

चूक सगळ्यांची होते. चुकीची घाण वाटत नाही. पण हे चुकून झालेलं नव्हतं. कुणीतरी शांतपणे बसून, नीट बोटं चालवून, खोटं बोलायची सोय केली होती. कंपनीनं तो आपल्या डब्यांत आधीच घातलेला दिसत होता, आणि शुक्रवारीच वरच्या माणसानंही तो बदल आत घेतला होता. आठ दिवसांनी तो नव्या आवृत्तीबरोबर जगभर जाणार होता. नुसते फ्रीजवरचे डबे नव्हेत, काय काय यंत्रं त्या ड्रायव्हरवर चालतात देव जाणे. बरं, त्यानं घेतला कसा? म्हणून तिनं खाली नजर टाकली.

खाली नावांची माळ होती. हे शिवानीनं वाचलंय. हे गौरम्मानं वाचलंय. हे मडिवाळप्पांनी वाचलंय. आणि सगळ्यांच्या वर, पहिलं, मानाचं: हे लुंबिनी सोनकांबळेनं वाचलंय.

तिची नजर तिथून हलेना. मडिवाळप्पा म्हणजे कंपनीचा मालक, हे तिला माहीत होतं. त्यांना ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणाराच ठाऊक असणार. बाकीच्या दोघी कोण? घरच्याच कुणी असतील. खोटीच नावं सगळी! आणि त्या खोट्या माळेत आपलं नाव ओवलं मेल्यांनी! पंधरा लेकरांच्या तोंडात पाणी जाणार होतं, त्याच्याखाली आपलं नाव!

पुढचं-मागचं काही न बघता तिनं लिस्टला मेल लिहायला घेतली. तिनं लिहिलं, की हा बदल मी वाचलेला नाही. वाचला असता तर तिथंच गाडला असता. अमरनाथ या माणसानं माझं नाव चोरलं आहे. बाकीची नावंही बनावट दिसतात. असला माणूस या कामात असणं ही किळसवाणी गोष्ट आहे. किळसवाणी हा शब्द लिहून ती क्षणभर थांबली, आणि तो तिनं तसाच ठेवला.

तासाभरात वरच्या माणसानं बदल बाहेर काढला. वर लिहिलं, की अमरनाथ यांचे कुठलेच बदल यापुढे घेतले जाणार नाहीत. मग काय, लोकांना निमित्तच पाहिजे असतं. लिस्टवर हजार-बाराशे माणसं. ज्यांनी आयुष्यात एक ओळ धड लिहिली नाही तेही येऊन चार दगड मारून गेले. संध्याकाळपर्यंत अमरनाथचं नाव एवढं खराब झालं की त्याला या धंद्यात कुणी दारात उभं केलं नसतं. त्याची स्वतःची मेल एकच आली, एका ओळीची. क्षमा असावी, नाव काढून टाकतो.

"भांडायची पण ताकद नाही मेल्यात," लुंबिनी म्हणाली, आणि जेवायला बसली. पण तोंडातली कडू चव काही जाईना.

बुधवारी दुपारी दोघे लातूरहून गाडी करून तिच्या दारात. पुढं मडिवाळप्पा, पांढरे कपडे, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. मागं पंचविशी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. तो अमरनाथ. चांगुणाबाईनं दोघांना बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. घरी आलेल्याला पाणी द्यायचं नाही असं त्या घरात कधी झालं नव्हतं, मग तो कसाही असो.

"ताई, पैलं सांगतो," मडिवाळप्पा म्हणाले, "अकराच्या अकरा केंद्रांवरले डबे काढले बगा. कालच. पत्रं पण दिली."

"बरं केलंत. वहिनीनंही तिच्या साहेबांना कळवलंय."

"हाव, कळलं आमाला." त्यांनी घाम पुसला. "आता त्या मेलचं तेवढं काई तरी करा की. लई बदनामी व्हायली."

"आधी मला सांगा, गौरम्मा कोण?"

"आमच्या मातोश्री."

"त्यांनी कोड वाचला?"

"त्येन्ला कुठलं वाचाय येतंय ताई! आशीर्वाद म्हणून टाकलं."

"आणि शिवानी?"

"नात हाय. औंदा पैलीत." मडिवाळप्पांच्या तोंडावर हसू आलं. "लग्नाच्या पत्रिकेत न्हाई का, बारक्या लेकरांची नावं खाली टाकतेत, तसं. कंपनीचं पैलंच एवढं मोठं काम, जगात जायलंय, म्हणलं घरच्यांची नावं पायजेत. अमरनाथ नगं म्हणत होता. मीच म्हणलं, टाक."

लुंबिनीला हसावं का डोकं आपटावं ते कळेना. ज्या ओळीवर सगळी सिस्टीम उभी आहे, ती या माणसानं लग्नपत्रिका केली होती.

"आणि माझं नाव?"

"तुमचं तर सगळ्यात वर की! मानाचं!"

"मला विचारलंत?"

"आता ताई," मडिवाळप्पा खरोखर बुचकळ्यात पडले, "पत्रिकेत नाव टाकाया कुणी इचारतंय व्हय? न्हाई टाकलं तर माणसं रुसतेत."

अमरनाथनं मान वर केली नाही. त्याच्या हातातल्या चहावर साय धरली होती. त्याच्याकडं बघून लुंबिनीला अधिकच शिसारी आली. मालक अडाणी आहे, त्याचं सोडा. पण याला कळतं ना? शिकलेला आहे ना हा?

मडिवाळप्पा जरा पुढं सरकले आणि आवाज खाली आणला. "हे बगा, ह्याला मी काढून टाकतो. आजच्या आज. तुमी फकस्त एवढं लिवा, की कंपनीचा दोष न्हाई, ह्या पोराचा दोष हाय. मिटलं."

अमरनाथ समोरच बसला होता. लुंबिनीनं खांदे उडवले.

"तुमचा माणूस आहे. तुमचं तुम्ही बघा."

ती शाल काही तिनं घेतली नाही. मडिवाळप्पांनी ती खुर्चीच्या पाठीवर टाकली, नारळ टेबलावर कपांच्या गर्दीत ठेवला, चांगुणाबाईला नमस्कार केला आणि गाडी उन्हातून काढतो म्हणून खाली गेले. अमरनाथ दाराशी वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागला.

"बाळा, चहा तर प्यायचा," चांगुणाबाई म्हणाली.

"एवढं शिकून दुसऱ्याचं नाव चोरायची पाळी का आली तुझ्यावर?" लुंबिनी म्हणाली. तिला राहवलंच नाही.

तो वाकूनच हळू म्हणाला, "चोरलं न्हाई मॅडम. तुमालाच इचारलं होतं. तुमी हो म्हणलाव."

"मी? कधी?"

त्यानं खिशातून फोन काढला. मेल शोधावी लागली नाही, ती उघडीच होती. सतरा फेब्रुवारी. दुसऱ्या आवृत्तीला लुंबिनीनं दिलेलं उत्तर, तिच्याच ठसक्यात. अकराव्या बदलाला तीन पानं शिव्या. आणि सगळ्यात खाली दोन ओळी: तीन, पाच आणि अकरा यांची घाण काढा. बाकीचं ठीक आहे, बाकीच्यांवर माझं नाव टाका.

लुंबिनीनं फोन हातात घेतला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग तिला ती दुपार आठवली. अकरावा बदल एवढा गचाळ होता, की त्याला झोडपता झोडपता दुपार गेली होती, आणि झोडपायला काय मजा आली होती! नववा बारका होता, सहा ओळींचा. त्याचं नाव होतं, वाचनातली किरकोळ दुरुस्ती. तिनं ते नाव वाचलं होतं. नावच फक्त वाचलं होतं.

"मग हे लिस्टवर का नाही दाखवलंस?" तिनं विचारलं. "सोमवारी सगळे तुला फाडून खात होते. एवढं दाखवलं असतंस तर संपलं असतं."

"एवढ्या लोकांत?" अमरनाथ म्हणाला. "तुमचं? कसं दाखवू मॅडम. बरं दिसतंय का ते."

चांगुणाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. लुंबिनी खुर्चीवर बसली. मागची शाल घसरून खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

"आणि तो बदल? तो तर तूच लिहिलास. लाल दिवा बंद करायचा म्हणजे काय, ते तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं की." तो आता उभा राहिला. "मालक म्हणले, दिवा बंद कर. मालकाला मी न्हाई म्हणू शकत न्हाई मॅडम, माझं तेवढं वजन न्हाई. मग म्हणलं, लिस्टवर टाकू. लुंबिनी मॅडम हाणताल. त्या कुणाला सोडत न्हाईत. मग तुमची मेल मालकाला दाखवतो, म्हणतो, बगा साहेब, घेत न्हाईत, आपल्याला पण घालता येत न्हाई. तुमच्या शिव्यांची वाट बगत होतो दोन आठवडे. तुमचं आलं, ठीक हाय म्हणून. त्याच दिवशी मालकानं डब्यात घातलं. आन् तुमी ठीक म्हणल्यावर, मला पण वाटलं, आपलंच चुकत असंल. तुमी वाचलंय म्हणल्यावर."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

सोमवारपासून जी किळस लुंबिनीनं दुसऱ्याच्या अंगावर फेकली होती, ती सगळी आता तिच्याच घशाशी आली. लग्नपत्रिकेत न विचारता नाव टाकणारा तो म्हातारा बरा. त्यानं निदान मान म्हणून टाकलं होतं. आणि आपण? आपण काय म्हणून दिलं? हा पोरगा आपल्या भरवशावर मालकाच्या पुढं भिंत उभी करायला निघाला होता, आणि आपण त्याला हजार लोकांत चोर म्हटलं. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, मालकानं त्याची नोकरी त्याच्यासमोर विकायला काढली होती, तर आपण खांदे उडवले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथं चोरानंच उठून सुळी दिली होती.

"बस," ती म्हणाली.

"मालक खाली..."

"थांबतील. नाही थांबले तर मी जाऊन थांबवते. त्यांना काढता येणार नाही तुला, मी बोलते त्यांच्याशी. पण आधी हे. बस तू."

ती टेबलाशी गेली, कप हातानं बाजूला सारले आणि लिहायला लागली. यावेळी शब्द सुचेनात. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. दोन्ही वेळा त्यात गडबड, गैरसमज, कामाचा ताण असलं काहीतरी येत होतं. तिला ते वाचून पुन्हा घाण वाटली. शेवटी तिनं साधंच लिहिलं. सोमवारची माझी मेल खोटी आहे. अमरनाथ यांनी माझं नाव चोरलं नाही. सतरा फेब्रुवारीला मीच ते दिलं, नववा बदल न वाचता. माझी ती मेल खाली जोडली आहे. वाचला असता तर लेकरांच्या लसीपर्यंत हे गेलं नसतं. त्यांच्यावरची बंदी उठवावी, आणि माझ्या नावावर गेल्या वर्षभरात घेतलेले सगळे बदल कुणीतरी पुन्हा वाचावेत.

हॉर्न पुन्हा वाजला, यावेळी लांबलचक. अमरनाथ तिच्या मागं येऊन उभा होता. त्यानं पडद्यावरची मेल सगळी वाचली, सावकाश, ओळ न् ओळ.

"मॅडम," तो म्हणाला, "ते 'न वाचता' एवढं काढा ना. 'घाईत राहून गेलं' असं लिवा. लोक काय म्हणताल तुमाला?"

लुंबिनीनं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. तिनं मेल पाठवून दिली.